भाडं थकलंय असं कुणी म्हणत नाही

गेल्या सप्टेंबरात माझी अब्रू एका चलनापायी गेली. टॅक्स ऑडिटची तारीख तोंडावर आलेली, एका क्लायंटनं टीडीएसचं चलन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं, आणि मी घाईघाईत फोन आमच्या आर्टिकलच्या, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडं शिकाऊ काम करणाऱ्या मुलीच्या, हातात दिला. "घे, यातला नंबर उतरवून." तिनं स्क्रीन उघडली तर समोर माझं रात्रीचं पुस्तक. मुखपृष्ठावर एक तरणाबांड गडी, अंगात शर्ट नाही, हनुवटीच्या वर चित्र कापलेलं. या पुस्तकांच्या प्रकाशकांना चेहऱ्याची फारशी गरज वाटत नाही.

ती बावीस वर्षांची. चलन शोधायचं सोडून माझ्याकडं बघत राहिली.

"मॅडम, तुम्हीपण?"

आता काय सांगणार? हो गं बाई, मीपण. वय तेहतीस, सीए, दिवसभर लोकांच्या वह्या तपासते आणि रात्री साडेअकराला अंथरुणावर पडून अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजातल्या पोरापोरींचं जमतंय की नाही ते बघते. एसटीत वाचताना ब्राइटनेस एकदम कमी करते, कारण या पुस्तकांत 'ती' पानं असतात, आणि शेजारच्या काकू नेमक्या त्याच पानाला मान वळवतात. एकदा तर स्वारगेट ते सातारा मी एकच पान उघडं ठेवून बसले होते, पुढचं पान काय असणार हे कळून चुकलं होतं म्हणून.

संध्याकाळी टपरीवर चहा पिताना तिनं विचारलं, "मॅडम, यातलं खरं वाटेल असं कुठलं? म्हणजे माणसं खरी वाटतील असं?"

मी दोन नावं सांगितली आणि विषय बदलला, कारण समोर सर आले. पण प्रश्न डोक्यात राहिला. खरं वाटणं म्हणजे नक्की काय, हे मला तेव्हा तिला सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. ती हे वाचेल असं वाटत नाही. वाचलंस तर उद्या बँक रिकन्सिलिएशन पुरं करून ये.

आधी या प्रकाराबद्दल थोडं. इंग्रजीत याला 'न्यू अ‍ॅडल्ट' म्हणतात. सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनानं २००९ मध्ये अशा गोष्टी मागवल्या, ज्यातली पात्रं शाळकरी नाहीत, पण पुरती मोठीही झालेली नाहीत. अठरा ते पंचविशीतली. प्रकाशकांनी शब्द काढला खरा, पण धंदा उभा केला तो लेखिकांनी. २०११-१२ च्या सुमाराला अनेकींनी स्वतःच ई-पुस्तकं काढली, ती धडाधड खपली, आणि मग मोठे प्रकाशक मागून धावत आले. आता याच्या पोटजाती इतक्या झाल्यात की आइस हॉकीवाल्या नायकांची वेगळी फडताळं असतात. मी इचलकरंजीची. बर्फ मी गोळ्याच्या गाडीवर पाहिलेला. तरी मला आज हॉकीत 'पॉवर प्ले' म्हणजे काय ते माहीत आहे.

मराठीत या वयाला शब्द नाही. तरुण म्हणावं तर तो शब्द आपल्याकडं पन्नाशीच्या पुढाऱ्यालाही लावतात. राहता राहिला 'लग्नाळू'. बाविसाव्या वर्षी मी काय होते, तर घरच्यांच्या लेखी 'अजून शिकतेय' आणि शेजाऱ्यांच्या लेखी लग्नाळू. त्या दोहोंच्या मधे जे काही चालू होतं त्याला नाव नव्हतं.

माझ्या आईचं वाचन दांडगं. आपटे वाचन मंदिरातून आठवड्याला दोन पुस्तकं यायची आणि घरातले माग चालू असताना, त्या खटखटाटात, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायची. माग थांबला की मान वर करायची, कारण माग थांबला म्हणजे धागा तुटला. ना. सी. फडक्यांपासून पुढच्या सगळ्या प्रेमकथा तिनं वाचल्या. मीही नववी-दहावीत त्यातल्या बऱ्याच चोरून वाचल्या, आणि ती चोरून वाचू द्यायची. त्यातले नायक देखणे, बोलायला चतुर, आणि बहुधा मोटार बाळगून असायचे. आईचं त्यावर एक म्हणणं होतं, ते तेव्हा मला खवचटपणा वाटायचं: "ह्या लोकांना पगाराची तारीख नसतीय बघ कधी."

ते वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं. आज एखादी प्रेमकथा हातात घेतली की पन्नास पानांच्या आत मी तेच शोधते. यांना पगाराची तारीख आहे का? भाडं कोण भरतं? रूममेट कोण आहे, आणि दूध संपल्यावर कुणी आणायचं यावरून तिचं बिनसतं का?

आता 'स्वतःला ओळखणारी पात्रं' याबद्दल. अलीकडं या पुस्तकांच्या जाहिरातीत हे फार असतं. पात्रांना स्वतःचं मन कळतं, ती थेरपीला जातात, जुन्या जखमा ओळखतात. चांगलंच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी यातले नायक मुलीचा फोन हिसकावून तपासायचे आणि त्याला प्रेम म्हटलं जायचं, त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण गंमत अशी की यातली बरीच पात्रं आता समुपदेशनाचा फॉर्म भरल्यासारखी बोलतात. तिसऱ्याच प्रकरणात ती त्याला सांगते की लहानपणी वडील सोडून गेले म्हणून मी माणसांना जवळ येऊ देत नाही. तो म्हणतो, तू हे सांगितलंस याची मला कदर आहे. संपलं! उरलेली तीनशे पानं काय करायचं?

आमच्या धंद्यात ताळेबंदाखाली टिपा असतात. कंपनी तिथं सगळं कबूल करते. अमुक कर्जाचे हप्ते थकलेत, तमुक खटला चालू आहे, माल गोदामात कुजलाय. सगळं उघड, सगळं नियमाला धरून. तरी हप्ते थकलेलेच राहतात. मला पात्रांचं आत्मभान असं बघायला आवडतं: टीप लिहिलेली आहे, पात्राला ती तोंडपाठ आहे, आणि तरी पैसे भरायच्या दिवशी ते दुसऱ्याच रस्त्यानं जातं.

त्या आर्टिकलला मी जी दोन नावं सांगितली त्यातलं पहिलं अगदी बाजारू, हॉकीवालं. एल केनेडीचं 'द डील', २०१५ चं. गोष्ट सांगितली तर तुम्ही हसाल. हॅना संगीत शिकतेय, गॅरेट हॉकी संघाचा कप्तान आहे आणि एका विषयात गटांगळ्या खातोय. ती त्याला शिकवणार, बदल्यात तो तिचा प्रियकर असल्याचं नाटक करणार, म्हणजे तिला आवडणाऱ्या दुसऱ्याच मुलाचं लक्ष जाईल. पुढं काय होणार हे पहिल्या पानावर कळतं.

पण हॅना कोण आहे ते बघा. शाळेत असताना तिच्यावर बलात्कार झालेला आहे. ती उपचार घेऊन आलेली आहे, आपल्याला काय झालं ते नीट शब्दांत सांगू शकते, आपल्या शरीराचं काय अडतंय हेही तिला कळतं, आणि ती ते गॅरेटला स्पष्ट सांगते. याबद्दल त्या पुस्तकाचं पुष्कळ कौतुक झालंय. मला त्याहून आवडलेली गोष्ट बारीक आहे. त्या प्रकरणात तिच्या आईवडिलांना वकिलांपायी कर्ज झालं. गाव उलटलं. सुट्टीत घरी जाणंही तिला सोपं नाही, त्यात एक भाग गावाचा आणि एक भाग तिकिटाच्या पैशांचा. अशा पुस्तकात कुणी तिकिटाचे पैसे मोजताना दिसलं की मी खुर्चीत सरसावून बसते.

मग शेवटाकडं गॅरेटचा बाप येतो. पैसेवाला, नावाजलेला खेळाडू, घरात हात उचलणारा. तो हॅनाला सांगतो की तू याला सोड, नाहीतर मी याचे पैसे बंद करतो. आता एवढी समजूतदार, एवढी मन मोकळं करायला शिकलेली मुलगी काय करते? गॅरेटला जाऊन सरळ सांगते का, की तुझा बाप असं असं म्हणाला? छे. ती म्हणते, मला वाटतं आपण फार घाई केली, मला अजून इतरांना भेटून बघायचंय.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले. म्हटलं, लेखिकेला शेवटी भांडण हवं होतं म्हणून ओढून ताणून आणलं. पुस्तक बंद केलं, दिवा मालवला.

दुसरं नाव सॅली रूनीच्या 'नॉर्मल पीपल'चं, २०१८ चं. दुकानदार हे पुस्तक हॉकीवाल्यांच्या शेजारी ठेवत नाहीत, याला साहित्याचं कपाट मिळतं. मला तो भेदभाव फारसा पटत नाही. वय तेच, कॉलेज तेच, रुसवेफुगवे तेच. आयर्लंडच्या पश्चिमेला स्लायगो भागातलं एक छोटं गाव. मरिआनचं घर श्रीमंत, कॉनलची आई त्या घरी साफसफाई करते. २०११ ते २०१५ एवढा काळ गोष्टीत आहे, म्हणजे आयर्लंडमध्ये मंदीनं लोकांची कंबर मोडली त्याच्या लगेच नंतरचा. योगायोगानं त्याच वर्षांत मी पुण्यात आर्टिकलशिप करत होते.

कॉनल शाळेत लोकप्रिय आहे आणि मरिआनशी असलेलं नातं लपवतो. शाळा संपतानाच्या नाचाला दुसऱ्याच मुलीला विचारतो. आणि त्याला माहीत असतं की आपण हलकटपणा करतोय. या पुस्तकाची सगळी गंमत इथं आहे. त्याला कळत नाही असं काही नाहीच. त्याच्या आईला हे कळतं तेव्हा ती भाषण ठोकत नाही, त्याच्या गाडीतून उतरते आणि बसनं घरी जाते. मला ती बाई त्या पानापासून आवडली. पुढं दोघं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जातात. तिथं पारडं उलटतं, मरिआनभोवती माणसं आणि कॉनल कोपऱ्यात, एका हॉटेलात काम करणारा.

आणि मग तो प्रसंग. उन्हाळा येतोय. हॉटेलातले त्याचे कामाचे तास कापले जातात. खोलीचं भाडं परवडणार नाही. मरिआनकडं ऐसपैस जागा आहे, रात्री तो बहुतेक तिथंच असतो. एवढंच विचारायचंय की, उन्हाळाभर तुझ्याकडं राहू का? आठवडेच्या आठवडे तो हे वाक्य तोंडाशी आणतो आणि गिळतो. शेवटी सांगतो की मी गावी चाललो. आणि वर म्हणतो, म्हणजे तुला आता इतरांना भेटावंसं वाटेल. ती म्हणते, हो. झालं. दोघांपैकी एकालाही तसं नको होतं.

ते वाचून मी पहाटे दोनला उठून पाणी प्यायले. एक खपाऊ हॉकीवाला माल, एक नावाजलेलं आयरिश साहित्य, एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या दोन लेखिका. आणि दोघींच्या पात्रांनी खोटं बोलायची वेळ आल्यावर जवळपास एकच वाक्य उचललं: इतरांना भेटायचं. आणि दोन्हीकडं त्या वाक्याच्या खाली होते पैसे. एकीकडं बापाचे, एकीकडं भाड्याचे.

हॅनावर मी उगाच चिडले होते. कारण तेच खोटं मीही बोलले होते, फक्त माझं वाक्य वेगळं होतं.

सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत चार कॉट होत्या, त्यातली खिडकीकडची माझी. कॉटचे बावीसशे, एकवेळचा डबा अठराशे. फर्मकडून स्टायपेंड पहिल्या वर्षी दोन हजार, शेवटच्या वर्षी तीन. बाकीचं अण्णा, म्हणजे माझे वडील, पाठवायचे. आमचे सहा माग होते, त्यातले दोन तोवर विकले गेले होते. फायनलचा नोव्हेंबर २०१५ चा अटेम्प्ट दिला, जानेवारीत निकाल लागला. ज्यांना सीएचा निकाल माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक पेपरात चाळीस हवेत आणि ग्रुपमध्ये एकूण पन्नास टक्के. मला चारही पेपरांत चाळीसच्या वर होते. चारशेपैकी दोनशे हवे होते, मिळाले १८९.

फेब्रुवारीत आर्टिकलशिप संपली, म्हणजे स्टायपेंड संपला.

तो परभणीचा. माझ्या आधीच्या बॅचचा, आमच्याच फर्ममधला. आमचं जमलं ते चाकणच्या एका कारखान्यात ३१ मार्चला, स्टॉक मोजताना. तो मोठ्यानं नट-बोल्टच्या पेट्या मोजायचा आणि मी टिक मारायची. दुपारनंतर तो आकड्यांच्या मधे माझं नाव घालायला लागला. "चारशे बारा, चारशे तेरा, दमलीस का, चारशे चौदा." यावर कुणी कादंबरी लिहिली तर मुखपृष्ठावर अंगातला शर्ट ठेवायला लागेल, घामानं चिकटलेला. मी नापास झाले त्याच निकालात तो दुसऱ्या अटेम्प्टला पास झाला आणि त्याला पुण्यातच नोकरी लागली.

मी त्याला निकाल सांगितला. पण डब्याचे पैसे थकलेत, कॉटवाल्या काकूंनी दोनदा आठवण केलीय, आणि अण्णांचा फोन आला की मी पैशाचा विषय निघायच्या आत ठेवून देते, यातलं काही सांगितलं नाही. का नाही? तो नक्की मदत करणार होता, म्हणूनच. त्यानं पहिल्या पगारातून माझी कॉट भरली असती, आणि मग आमच्यात जे नट-बोल्ट मोजताना सुरू झालं होतं त्यात एक उधारीचं खातं उघडलं असतं. आम्ही दोघंही अकाउंटवाले. असं खातं आम्ही विसरलो नसतो.

मग मी काय केलं, तर अभ्यासिकेत बसून त्याला एक मेसेज लिहिला. पाऊण तास लागला. तोवर मी इंटरनेटवर मनाबद्दलचं बरंच वाचलेलं होतं आणि त्या वाचनाचा पुरेपूर वापर केला. तो मेसेज माझ्याकडं अजून आहे. त्यातली थोडी चव: 'माझ्या लक्षात आलंय की मी माझं मूल्य यशावर मोजते. ही माझी जुनी सवय आहे आणि तिच्यावर मला एकटीनं काम करायचंय. मी सध्या इमोशनली अव्हेलेबल नाही आणि तुझ्यावर त्याचा भार टाकणं मला बरोबर वाटत नाही. मला थोडी स्पेस हवी आहे.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे आधी नोंदवते. मी खरंच माझं मूल्य मार्कांवर मोजायचे. एकूण एक टीप बरोबर. कुणीही ऑडिटर सही करेल असा मेसेज.

निळ्या टिका आल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग त्याचा मेसेज आला:

'बरं. जेवलीस का?'

मी इतकी भडकले! एवढं काळीज काढून ठेवलं आणि हा जेवणाचं विचारतोय. शेजारच्या टेबलावरच्या एमपीएससीवाल्या मुलीनं "काय झालं?" म्हणून खुणेनं विचारलं आणि मी हातानं कपाळावर मारून दाखवलं. कितीतरी वर्षं हा किस्सा मी मैत्रिणींना 'पुरुषांना काही कळत नाही' या सदराखाली ऐकवलाय आणि सगळ्या हसल्यात.

किश्श्यातून मी एक गोष्ट नेहमी गाळते. त्या दिवशी मी जेवले नव्हते. आदल्या सोमवारपासून डबा बंद झाला होता.

मी उत्तर पाठवलं, 'हो.'

आठ दिवसांनी कॉट सोडली आणि ट्रंक घेऊन इचलकरंजीला गेले. सगळ्यांना सांगितलं, घरी अभ्यास चांगला होतो. मागांच्या खटखटाटात! नोव्हेंबर २०१६ ला पास झाले, त्या परीक्षेच्या मधेच नोटाबंदी आली, ती गोष्ट वेगळी. तो पुढं बंगळूरला गेला. त्याच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली, मी फोनवरूनच एक हजार एक रुपये आहेर पाठवला. त्यावरही त्यानं 'जेवायला यायला हवं होतंस' असं लिहिलं होतं. माणूस विषयाला धरून आहे.

त्या आर्टिकलला मी तिसरं नाव सांगायला हवं होतं, ते तेव्हा सुचलं नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ ची, मौज प्रकाशनाची. विशी-बाविशीत लिहिलेली आणि त्याच वयाच्या माणसांची. पुण्यातलं मध्यमवर्गी घर, वरच्या खोलीत भाड्यानं आलेला एक मुलगा, आणि त्याच्या प्रेमात पडलेले घरातले दोघं, तनय आणि त्याची बहीण अनुजा. आधी तनय बोलतो, मग अनुजा. दोघंही स्वतःला बारकाईनं न्याहाळतात आणि एकाच घरात राहून एकमेकांचं त्यांना काही दिसत नाही. मराठीत हे आहे, हे आधी सांगायचं सोडून मी तिला हॉकी सांगत बसले.

पण असं अजून हवं. अभ्यासिकेतलं प्रेम कुणीतरी लिहा. निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवलेलं, दोन अटेम्प्टच्या मधे उरकलेलं, मेसच्या कूपनांवर चाललेलं. त्यात नायिकेला आपलं काय चुकतंय ते सगळं कळू दे. आणि तिच्या डब्याचे पैसे मात्र थकलेले असू देत.

'नॉर्मल पीपल' मी वाचलं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, गावी. माग बंद होते. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आमची गल्ली गप्प होती, इतकी की आईला झोप लागत नव्हती. वाचनालय बंद, तिच्याकडं पुस्तक नाही. म्हणून संध्याकाळी ती भाकरी करायला बसली की मी तिला रोज थोडी थोडी गोष्ट सांगायची. 'ती' पानं गाळून.

त्या उन्हाळ्याच्या प्रसंगाशी आले तेव्हा तिचा हात काठवटीत थांबला.

"तिच्याकडं खोल्या होत्या की."

"होत्या."

"मग राहतो म्हणून सांगायला काय झालं त्याला?"

"नाही सांगता आलं."

तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. बाहेरच्या खोलीत अण्णा टीव्हीवर आकडे ऐकत होते.

"तुला आठवतं का," आई आवाज खाली आणून म्हणाली, "तू ट्रंक घेऊन आलीस त्या वर्षी आपली स्प्लेंडर गॅरेजला होती?"

आठवत होतं. मला स्टँडवरून आणायला अण्णा चालत आले होते आणि ट्रंकेला एका बाजूनं त्यांनी, एका बाजूनं मी धरलं होतं. गाडी गॅरेजला आहे, म्हणाले होते.

"पाच महिने होती गॅरेजला," आई म्हणाली. "पाच महिने गाडी गॅरेजला राहतीय होय कुठं? मी गॅरेजवाल्याच्या बायकोला भिशीत रोज बघत होते."

"मग तू विचारलं नाहीस?"

"ते सांगतील म्हणून थांबले."

भाकरी उलटली. पापुद्रा सुटायला लागला होता.

"आणि त्या पोरानं?" तिनं विचारलं. "शेवटी सांगितलं का तिला, भाड्याचं?"

"सांगितलं. पण फार उशिरा. वर्षभर गेलं असेल मधे."

"वर्षच ना," आई म्हणाली आणि तवा उतरवून भाकरी जाळावर धरली. "तुझ्या अण्णांनी अजून सांगितलेलं नाही."